एक्सप्लोरेटरी डिझाइन घेऊ की नको? आधी प्रश्नावलीचे ऑप्शन लिहून बघा

मार्च लागला की नागपुरात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. छतावर नाहीतर जिन्याखाली पडलेले कूलर बाहेर निघतात, आणि मला एमबीए-बीबीएच्या पोरापोरींचे फोन यायला लागतात. "दादा, सिनॉप्सिस सबमिट करायची आहे, रिसर्च डिझाइनमध्ये काय लिहू?" मी विचारतो, तू काय लिहिलंय. उत्तर ठरलेलं, "एक्सप्लोरेटरी कम डिस्क्रिप्टिव्ह." म्हणजे आधी मोजायचं काय ते शोधायचं आणि मग ते मोजायचं, दोन्ही. काहून बा? "सिनियरच्या प्रोजेक्टमध्ये तसंच होतं."

मी हसत नाही, कारण माझ्या प्रोजेक्टमध्येही तसंच होतं. शंभर लोकांकडून गूगल फॉर्म भरून घेतला होता, त्यातले निम्मे तर आपल्याच वर्गातले, मग रंगीत पाय चार्ट, मग स्पायरल बाइंडिंग. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या एक्स्टर्नल सरांनी फाइल उघडली पण नाही, एवढंच विचारलं, "तुला आधी माहीत नव्हतं असं यातून एक तरी काही सापडलं का?" त्यानंतर खोलीत फक्त कूलरचा आवाज येत होता. मार्क मिळाले, पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही, आणि खरं सांगायचं तर एक्सप्लोरेटरी रिसर्च म्हणजे काय हे मला त्या एका प्रश्नातून जेवढं कळलं तेवढं दोन सेमिस्टरच्या नोट्समधून कळलं नव्हतं.

तर आता पायरी पायरीने सांगतो. उदाहरण कूलरचंच घेऊ, कारण नागपूरकराला कूलर समजावून सांगावा लागत नाही.

पहिली पायरी: ऑप्शनची टेस्ट

समजा हिंगणा रोडकडे एका भाऊंचं छोटं शेड आहे, लोखंडी बॉडीचे कूलर बनवतात, वडिलांच्या काळापासूनचा धंदा. दोन सीझनपासून माल कमी चाललाय. ते तुम्हाला म्हणतात, "एक सर्वे करून द्या ना, शंभर-दोनशे लोकांचा. लोक आमचा कूलर काहून घेत नाहीत ते पाहा."

आता लगेच फॉर्म बनवायला बसू नका. एक कोरा कागद घ्या, वर प्रश्न लिहा, "तुम्ही लोखंडी कूलर का घेतला नाही?" आणि खाली ऑप्शन लिहा. बहुतेक जण काय लिहितात? किंमत, क्वालिटी, ब्रँड, सर्व्हिस, इतर. झालं. हे ऑप्शन कोणत्याही वस्तूला चालतात, साबणाला पण आणि ट्रॅक्टरला पण, आणि इथेच कळायला पाहिजे की आपल्याला कूलरबद्दल काहीच माहीत नाही.

खरं कारण काहीही असू शकतं. फ्लॅटच्या खिडकीला एवढा डबा बसत नाही. सोसायटीवाले ग्रिल कापू देत नाहीत. भाड्याने राहणारी पोरं दर वर्षी खोली बदलतात, तेव्हा एवढं धूड कोण उचलणार. पाणी रोज भरावं लागतं आणि नळ तासभरच येतो. टाकीत डास होतात म्हणून घरात भांडण. कूलरच्या जाळीतला घास, म्हणजे गवताचं पॅड, बदलून देणारा माणूस आता येतच नाही. किंवा एसी हप्त्यावर मिळतो आणि कूलर नाही. आणि हे सगळे पण माझे अंदाजच आहेत बरं, घरी बसून केलेले.

तर टेस्ट अशी: प्रश्नावलीचे ऑप्शन तुम्हाला आज, प्रामाणिकपणे, त्या विषयाचेच असे लिहिता येत असतील तर तुम्हाला एक्सप्लोरेटरी नको, सरळ डिस्क्रिप्टिव्ह करा. ऑप्शन लिहिताना पेन अडत असेल, किंवा "इतर" मध्येच सगळं दडलंय असं वाटत असेल, तर एक्सप्लोरेटरी घ्या.

तो कागद मात्र फेकू नका. तारीख टाका, घडी करून फाइलमध्ये ठेवा. शेवटी लागणार आहे.

तिन्ही डिझाइनमधला फरक, थोडक्यात

डिस्क्रिप्टिव्ह म्हणजे मोजणं, किती टक्के, कोण, कुठे, किती वेळा. कॉझल म्हणजे एक गोष्ट बदलली की दुसरी बदलते का हे तपासणं, म्हणजे प्रयोग, अर्ध्या दुकानात हप्त्याची पाटी लावली आणि अर्ध्यात नाही लावली, बाकी सगळं सारखं ठेवलं. एक्सप्लोरेटरीमध्ये मोजत पण नाही आणि सिद्ध पण करत नाही, मोजायचं काय आणि तपासायचं काय हे शोधतो. म्हणून यातून "६२ टक्के ग्राहक" असं वाक्य कधीच निघत नाही, आणि निघालं तर समजा कुठेतरी गडबड आहे.

एक घोळ दर वर्षी होतो म्हणून इथेच सांगून टाकतो. एक्सप्लोरेटरी फॅक्टर ॲनालिसिस हे वेगळं प्रकरण आहे, ती आकडेवारीची पद्धत आहे, त्याला भरपूर भरलेले फॉर्म लागतात. नावात एक्सप्लोरेटरी आहे म्हणून डिझाइन एक्सप्लोरेटरी होत नाही. मागे एका मुलीने सॉफ्टवेअरमध्ये ते बटण दाबलं म्हणून डिझाइनच्या रकान्यात एक्सप्लोरेटरी लिहिलं होतं, आणि तिच्या गाइडनेही सही केली होती, आता बोला.

"एक्सप्लोरेटरी कम डिस्क्रिप्टिव्ह" हे लिहिणं चूक नाही, पण मग दोन टप्पे खरंच करावे लागतात, आधी थोड्या लोकांशी खोलात बोलणं, त्यातून निघालेल्या मुद्द्यांवर प्रश्नावली, मग मोठं सॅम्पल. दोन महिन्यांच्या प्रोजेक्टमध्ये दोन्ही धड होत नाही. एकच करा, नीट करा.

दुसरी पायरी: भाऊंना काय ठरवायचंय ते विचारा

"लोक कूलर काहून घेत नाहीत" हा भाऊंचा त्रास आहे, रिसर्चचा प्रश्न नाही. त्यांना विचारा, उत्तर मिळालं तर तुम्ही काय वेगळं कराल? ते म्हणतील, प्लास्टिक बॉडीचा साचा घेऊ का हे ठरवायचंय, किंवा छोटं मॉडेल काढू का, किंवा हा धंदाच बंद करून फॅब्रिकेशनची कामं घेऊ का. हे तीन निर्णय वेगळे आहेत आणि प्रत्येकासाठी वेगळ्या माणसांशी बोलावं लागेल. छोट्या मॉडेलसाठी हॉस्टेलची पोरं आणि वन बीएचकेवाले, साच्यासाठी दुकानदार आणि ज्यांनी मागच्या सीझनला प्लास्टिकचा घेतला ते लोक. धंदा बंद करायचा असेल तर ग्राहकाला विचारून उपयोगच नाही, वहीखाते बघा.

मग प्रश्न असा लिहा: "नागपूर शहरात गेल्या दोन उन्हाळ्यांत ज्यांनी जुना लोखंडी कूलर काढून दुसरं काही घेतलं, त्यांच्या घरात तो निर्णय कसा झाला?" यात "किती" नाही, "परिणाम" नाही, "कसा" आहे. "नागरिकांच्या खरेदीवर परिणाम करणाऱ्या घटकांचा अभ्यास" या टायटलपेक्षा हे लाख पटीने बरं. घटक माहीत असते तर अभ्यास कशाला केला असता.

हायपोथेसिस, म्हणजे गृहीतक? या टप्प्यावर तपासायला हायपोथेसिस नसतो, तो शेवटी निघतो. पण फॉरमॅटमध्ये रकाना असतो आणि तो रिकामा ठेवला की ऑफिसवाले परत पाठवतात. तिथे "हा अभ्यास शोधात्मक असल्याने पूर्वनिश्चित गृहीतक तपासलेले नाही, अभ्यासाअंती पुढील तपासणीसाठी गृहीतके मांडली जातील" असं सरळ लिहा. ऐकलं नाही तर गाइडला मध्ये घाला, त्यासाठीच असतात ते.

तिसरी पायरी: आधी जे पडलेलं आहे ते वाचा

फील्डवर जायची घाई सगळ्यांना असते कारण फोटो तिथले लागतात. पण स्वस्तातलं काम आधी. भाऊंची बिलबुकं बसून वाचा, कोणत्या महिन्यात किती, कोणत्या साइजचे, कोणत्या भागात गेले. रिपेअरची वही असेल तर ती सोन्याची, कारण लोक तक्रार कशाची करतात ते तिथे त्यांच्याच शब्दांत लिहिलेलं असतं. दुकानाच्या व्हॉट्सॲपवर आलेले मेसेज बघा, विकत घेतलं नाही पण विचारलं अशांचे खास करून. ऑनलाइन साइटवर प्लास्टिक कूलरचे रिव्ह्यू वाचा, पाच स्टार आणि एक स्टारवाले सोडा, तीन स्टारवाले वाचा, तिथे माणूस जरा विचार करून लिहितो.

सरकारी आकडेही बघा पण त्यांना काय सांगता येत नाही ते ओळखा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ च्या, घरातल्या वस्तूंच्या यादीत एसी आणि कूलर एकाच खान्यात धरलेत. दिल्लीत बसून ते ठीकच असेल, पण आपला तर अख्खा प्रश्नच त्या दोघांच्या मधल्या भिंतीचा आहे! २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाख, पण त्यानंतर बेसा, मनीषनगर, वाठोड्याकडे किती फ्लॅट उभे राहिले ते त्यात कुठून येणार. हवामान खात्याचे रोजचे आकडे मात्र कामाचे, तापमानासोबत आर्द्रतेचेही घ्या, कारण कूलर चालतो कोरड्या हवेवर, पाण्याची वाफ होते तेव्हाच हवा गार होते, आणि जूनमध्ये ढग आले की तोच कूलर नुसता चिकचिक करतो. लोकांचा राग मे महिन्यातल्या कूलरवर आहे की जूनमधल्या, हा एक प्रश्न तुम्हाला टेबलवर बसूनच मिळाला की नाही?

याला तीन-चार दिवस द्या. चार आठवडे नको, मी पाहिलेत लोक लिटरेचर रिव्ह्यूमध्येच म्हातारे झालेले.

चौथी पायरी: ज्यांना आतलं माहीत आहे त्यांना गाठा

पुस्तकात याला एक्स्पिरियन्स सर्व्हे म्हणतात आणि पोरं लगेच कंपनीच्या मॅनेजरची अपॉइंटमेंट मागायला जातात. मॅनेजर तीनदा पुढे ढकलणार आणि चौथ्यांदा वेबसाइटवरचंच सांगणार. आपल्याला पाहिजे तो माणूस वेगळा आहे, होळीनंतर घरोघरी फिरून घास आणि पंप बदलून देणारा, वस्तीतला इलेक्ट्रिशियन, जुने कूलर तोलून घेणारा कबाडीवाला, बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, दुकानात पंधरा वर्षं काउंटरवर उभा राहिलेला सेल्समन. हा सेल्समन रोज पन्नास गिऱ्हाइकं परत जाताना बघतो, आणि त्याला आजवर कोणी विचारलंच नाही. सीझनमध्ये संध्याकाळी त्याच्याकडे जाऊ नका, सकाळी दुकान उघडताना जा, चहा घेऊन जा.

पाच-सहा जण पुरे. विचारायचं एकच, गेल्या काही वर्षांत काय बदललं? आणि मग गप्प बसायचं.

पाचवी पायरी: मुख्य पद्धत निवडणं, खरी डोकेफोड इथे

पुस्तकात डेप्थ इंटरव्ह्यू, फोकस ग्रुप, ऑब्झर्व्हेशन, प्रोजेक्टिव्ह टेक्निक, केस स्टडी अशी यादी असते आणि प्रत्येकाचे फायदे-तोटे पाच-पाच. ती पाठ करून निवडता येत नाही. मी दोन प्रश्न विचारतो. माणसाला हे सांगता येईल का? आणि येत असेल तर तो सांगेल का, आणि कोणासमोर?

सांगता येतं आणि सांगायला लाज नाही, शिवाय एकाचं ऐकून दुसऱ्याला आठवेल असा विषय असेल तर फोकस ग्रुप. कूलरच्या जाहिरातीचं वाक्य कसं वाटतं, नाव कसं वाटतं, यासाठी मस्त. सहा ते आठ-दहा जण, दीड तास, सगळे साधारण एका परिस्थितीतले. धरमपेठचा बंगलेवाला आणि भाड्याने राहणारा विद्यार्थी एका सतरंजीवर बसवले तर दुसरा तोंड उघडणार नाही. आणि नागपुरात प्रत्येक ग्रुपमध्ये एक काका असतातच जे "मी सांगतो तुम्हाला" म्हणून सुरू होतात, त्यांना तुमच्या अगदी शेजारी बसवा, समोर नको. नजर मिळाली नाही की माणूस जरा कमी बोलतो.

फोकस ग्रुपची मजा अशी की त्याचं मूळ ज्याच्याकडे जातं तो समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन, १९४० च्या दशकात रेडिओ कार्यक्रमांवरच्या प्रतिक्रिया अभ्यासताना त्याने ही मुलाखतीची रीत बसवली, आणि १९८७ मध्ये त्यानेच लिहिलं की यातून नव्या कल्पना आणि गृहीतकं मिळतात, ती पुढे तपासायची असतात. म्हणजे दोन ग्रुप घेऊन "ग्राहकांना असं वाटतं" हा निष्कर्ष काढणाऱ्यांवर खुद्द आजोबाच नाराज.

सांगता येतं पण चारचौघांत सांगणार नाही, तर एकट्याचा डेप्थ इंटरव्ह्यू. पैसे, कर्ज, हप्ता चुकणं, घरातलं भांडण, शेजाऱ्याने एसी घेतला म्हणून आपणही घेतला, हे ग्रुपमध्ये कधीच निघत नाही. आपल्या कूलरच्या प्रश्नासाठी मी हेच घेईन, कारण निर्णय घरातला आहे आणि घरातल्या निर्णयात पैसा आणि मानपान दोन्ही असतात. जमलं तर त्याच घरातल्या दोघांशी वेगवेगळं बोला, सासू-सून किंवा नवरा-बायको. गोष्ट एकच आणि दोन माणसांची तऱ्हा अशी वेगळी निघते की तुम्हाला वाटेल दोन घरांत जाऊन आलो.

सांगताच येत नाही, कारण सवयीचं झालंय, तर बघा. ऑब्झर्व्हेशन. इतवारीत नाहीतर बर्डीवर दुकानासमोर दोन तास उभे राहा, लोक कूलरला आधी काय करतात? ठोकून बघतात, आवाज ऐकतात, मागचं झाकण उघडतात, की बाईक स्टँडवर लावून लांबूनच किंमत विचारतात? यातलं काहीही माणूस इंटरव्ह्यूमध्ये सांगत नाही कारण त्याला स्वतःलाच माहीत नसतं. दुकानदाराची परवानगी मात्र घ्या, नाहीतर तो समजेल इन्कम टॅक्सवाले आले.

आणि सांगता येतं पण खरं सांगणारच नाही, वाईट दिसेल म्हणून, तर प्रोजेक्टिव्ह टेक्निक. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण १९५० चं आहे, अमेरिकेत. इन्स्टंट कॉफी का आवडत नाही विचारलं की बायका सांगायच्या, चव नाही. मेसन हेअर नावाच्या संशोधकाने सरळ विचारायचं सोडलं आणि वाणसामानाच्या दोन याद्या बनवल्या, सात-सात वस्तूंच्या, सगळं सारखं, फक्त एकीत नेसकॅफे इन्स्टंट आणि दुसरीत मॅक्सवेल हाउसची साधी कॉफी. एका बाईला एकच यादी दाखवायची आणि विचारायचं, ही यादी करणारी बाई कशी असेल? नेसकॅफेवाल्या यादीच्या बाईला जवळपास निम्म्या जणींनी आळशी म्हटलं, दुसऱ्या यादीच्या बाईला जवळजवळ कोणीच नाही. म्हणजे अडचण चवीची कमी आणि "घरची लक्ष्मी आळशी दिसेल" याची जास्त. तुम्ही पण करू शकता. एका ड्रॉइंगरूमचं वर्णन दोन प्रकारे लिहा, सोफा तोच, टीव्ही तोच, एकीत खिडकीत लोखंडी कूलर आणि दुसरीत प्लास्टिकचा टॉवर कूलर, आणि विचारा, हे घर कोणाचं असेल, काय करत असतील ते. फुकटात होतं.

केस स्टडी मी फक्त तेव्हा सांगतो जेव्हा तुमच्याकडे एखादं दुकान किंवा युनिट आतून बघायची खरी परवानगी असते, नुसती वेबसाइट वाचून केस स्टडी होत नाही. ऑनलाइन ग्रुपमधल्या गप्पा वाचणंही चालतं पण तिथे बोलणारा वर्ग वेगळा, मानेवाड्याच्या काकू तिथे भेटत नाहीत.

चुकीची पद्धत घेतली की काय होतं याचा मोठा नमुना म्हणजे १९८५ ची न्यू कोक, कोका-कोलाने चव बदलून आणलेली. सुमारे दोन लाख टेस्ट घेतल्या होत्या, चवीत नवी जिंकली. पण घोटाभर चाखून कोणती आवडली हे मोजलं होतं, जुनी कायमची काढून घेतली तर कसं वाटेल हा प्रश्न त्या कपात मावणारा नव्हता. ७९ दिवसांत जुनी परत आणावी लागली. सॅम्पल कमी पडलं असं तर कोणी म्हणू शकत नाही ना?

सहावी पायरी: किती लोक?

३८४ लिहू नका, हात जोडतो. तो आकडा १९७० मध्ये छापलेल्या एका प्रसिद्ध तक्त्यातून येतो, दहा लाखांच्या लोकसंख्येसाठी, आणि तो टक्केवारीचा अंदाज पाच टक्क्यांच्या चुकीत बसवायला आहे. आपल्याला टक्केवारी काढायचीच नाही.

इथे नियम असा की नवीन काही निघेनासं झालं की थांबायचं, याला सॅच्युरेशन म्हणतात. २००६ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या बायकांच्या ६० मुलाखती परत तपासून काही संशोधकांनी दाखवलं होतं की पहिल्या बारामध्येच बहुतेक मुद्दे येऊन गेले होते. पण तिथे बायका साधारण एका प्रकारच्या आणि विषय नेमका होता, म्हणून बारा हा काही मंत्र नाही. मी सिनॉप्सिसमध्ये "१२ ते १८, सॅच्युरेशननुसार" असं लिहायला सांगतो, आणि प्रत्येक इंटरव्ह्यूनंतर त्यात नवीन किती मुद्दे निघाले याचा छोटा तक्ता ठेवायला सांगतो. सात, पाच, पाच, तीन, एक, शून्य, शून्य. हा तक्ता दाखवला की "सॅम्पल कमी आहे" म्हणणारे गप्प होतात.

माणसं निवडताना सोयीची घेऊ नका, वेगवेगळ्या टोकाची घ्या. यंदाच एसी घेतलेला, प्लास्टिक कूलर घेऊन पस्तावलेला, वीस वर्षं तोच लोखंडी रंग मारून वापरणारा, दुकानात जाऊन न घेता परत आलेला. भागही बदला, जरीपटका, मानेवाडा, महाल, वाडी. शेवटचा माणूस, न घेता परत आलेला, शोधायला त्रास होतो पण तोच सगळ्यात महत्त्वाचा.

सातवी पायरी: विचारायचं कसं

आठ-दहा प्रश्नांची यादी पुरे आणि पहिला प्रश्न हा: "शेवटचा कूलर घेतला तो दिवस सांगा ना, घरातून निघालात तिथून." मत विचारू नका, प्रसंग विचारा. "का घेतला?" म्हटलं की माणूस कारण तयार करून देतो, शहाण्यासारखं दिसेल असं. "मग काय झालं?", "तेव्हा घरात कोण काय म्हणालं?" असं विचारलं की गोष्ट येते.

भाषा त्यांची. कोणी हिंदीत, कोणी वऱ्हाडीत, कोणी दोन्ही मिळून बोलणार. तसंच उतरवा. समजा एक काकू म्हणाल्या, "कूलर त बढिया आहे जी, पण रोज पानी कोन भरन?" आणि तुम्ही ट्रान्सक्रिप्टमध्ये लिहिलं, "पाणी भरण्याची गैरसोय." गेलं! त्या वाक्यात पाणी महत्त्वाचं नाही, "कोन" महत्त्वाचं आहे. घरात ते काम कोणाच्या गळ्यात पडतं, पोरगी लग्न होऊन गेल्यावर कोण करतं, हा धागा तुम्ही सभ्य मराठी करून कापून टाकला.

रेकॉर्डिंग विचारून करा, नाव, फोन नंबर रिपोर्टमध्ये नको, उत्तरदाता क्रमांक वापरा. दुपारी बारा ते चार मे महिन्यात कोणाच्या घरी जाऊ नका, तुम्हाला ऊन लागेल ते वेगळं पण झोपमोड झालेला माणूस तीनच शब्दांत उत्तरं देतो. पहिले दोन इंटरव्ह्यू ओळखीच्यांवर प्रॅक्टिस म्हणून करा आणि हिशोबात धरू नका. बाहेर पडलात की पायरीवरच बसून दहा मिनिटं जे दिसलं ते लिहून काढा, कूलर कुठे ठेवला होता, बादली कुठे होती.

आठवी पायरी: एवढ्या बडबडीचं करायचं काय

इथे बरीच पोरं घाबरतात कारण सॉफ्टवेअर नाही. एक्सेल पुरतं. एका रकान्यात वाक्य, दुसऱ्यात उत्तरदाता क्रमांक, तिसऱ्यात तुम्ही दिलेली छोटी चिठ्ठी, म्हणजे कोड. "भरणार कोण", "ग्रिलची भानगड", "पाहुण्यांसमोर", "जूनमध्ये बेकार" असे साधे कोड. सगळं झालं की सारख्या चिठ्ठ्या एकत्र करा आणि विचारा, यांच्यामागे काय आहे? पाच-सहा गठ्ठे निघतील, त्या तुमच्या थीम. मग मुद्दाम उलटा माणूस शोधा, ज्याच्या घरात हे लागू पडत नाही, आणि तो का सुटला ते लिहा. वर्गमित्राकडून दोन ट्रान्सक्रिप्ट वेगळे कोड करून घ्या आणि जिथे जुळलं नाही तिथे भांडा, भांडणातून कोड सुधारतात. क्रॉनबॅक अल्फा इथे लागत नाही, तो स्केलसाठी असतो, म्हणजे एकाच गोष्टीवरच्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते बघायला, कोणी मागितला तर नम्रपणे हे सांगा.

टक्केवारी लिहू नका. पंधरापैकी नऊ जण म्हणाले याला ६० टक्के म्हटलं की ते आकडे शहराचे वाटायला लागतात. "बहुतेक घरांत", "दोन घरांत मात्र" असं लिहा आणि खाली त्यांचं वाक्य, जसंच्या तसं.

रिपोर्टमध्ये काय जायला पाहिजे

डिझाइनच्या परिच्छेदात व्याख्या भरू नका, व्याख्या एक्स्टर्नलला पाठ आहेत. हे लिहा की आपल्याला काय माहीत नव्हतं, म्हणून एक्सप्लोरेटरी. विषय घरातला आणि पैशाचा, म्हणून ग्रुप नाही, एकेकट्याची मुलाखत. माणसं अशी अशी निवडली आणि इथे थांबलो कारण नवीन निघणं बंद झालं. चार वाक्यं, पण प्रत्येकात "म्हणून" किंवा "कारण". शेवटी पुढे तपासायची तीन-चार गृहीतकं, उदाहरणार्थ ज्या घरात पाणी भरण्याचं काम एकाच माणसावर आहे तिथे कूलर लवकर बदलला जातो, आणि त्यासोबत आता लिहिता येणारे प्रश्नावलीचे नवे ऑप्शन.

भाऊंना वेगळं एक पान द्या, मराठीत, साच्याचे पैसे घालायच्या आधी अजून काय मोजून घ्यायला पाहिजे ते सांगणारं. "प्लास्टिकचा साचा घ्या" असा सल्ला पंधरा घरांवरून देऊ नका, त्यांचे लाखो रुपये आहेत त्यात.

आणि आता तो घडी घातलेला कागद काढा. पहिल्या दिवशी लिहिलेले ऑप्शन एका बाजूला, आत्ताचे दुसऱ्या बाजूला, दोन रकान्यांचा तक्ता करा. डावीकडे नसलेलं जे उजवीकडे आलं त्याच्याखाली रेघ मारा. मूळ कागदाची झेरॉक्स, खाडाखोडीसकट आणि तारखेसकट, अनेक्श्चरमध्ये, म्हणजे शेवटच्या जोडपत्रांत, पहिल्या नंबरला लावा. एक्स्टर्नलने फाइल उघडली नाही तरी तेवढं पान आपण स्वतः उघडून त्यांच्यासमोर ठेवायचं.